माजी म्हणजे मोकळा? अंतुले खटल्याचे पुन्हा एकदा वाचन



समृद्धी महामार्गावरून खाली उतरून शेलूबाजारात शिरलं की रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या थप्प्या दिसतात. पैसे मोजा, पोती उचला. इथे बसलेल्या तरुणांना यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण आमच्या वयाच्या मंडळींना ठाऊक आहे की १९८१ साली असं नव्हतं. सिमेंटवर नियंत्रण होतं. घर बांधायचं तर अर्ज करायचा, परमिट मिळवायचं, मग वाट बघायची. सरकारी भाव एक, काळ्या बाजारातला भाव दुसरा. या दोन भावांमधल्या अंतरात एका मुख्यमंत्र्याचं पद गेलं आणि भारतीय न्यायशास्त्रातले काही सर्वात महत्त्वाचे निकाल जन्माला आले. आज आपल्याला ते निकाल एखाद्या ग्रंथासारखे वाचायचे आहेत, आणि त्यांच्यावर टीकाही करायची आहे.

आपला प्रश्न साधा आहे. ज्याने राज्य चालवलं, त्याने पदावर असताना गैरवर्तन केलं असा आरोप असेल, तर पद गेल्यावर त्याच्यावर खटला चालवावा का? की 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणून सोडून द्यावं?

मराठी माणूस या प्रश्नावर लगेच रामशास्त्र्यांचं नाव घेतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. शाळेत आपण हे शिकतो, छाती भरून येते. पण गोष्ट पुढे वाचा. रघुनाथरावांना बारभाईंनी सत्तेवरून दूर केलं ते राजकारणाने, न्यायाने नव्हे. १७७५ मध्ये ते इंग्रजांशी सुरतेचा तह करून मोकळे झाले, आणि १७८३ मध्ये कोपरगावला वारले. म्हणजे आपल्या इतिहासातला सर्वात गाजलेला निवाडा कधी अमलात आलाच नाही. आपण 'रामशास्त्री बाणा' जपला, रामशास्त्र्यांची कचेरी जपली नाही. एका माणसाच्या धैर्याची पूजा केली, आणि असं धैर्य लागू नये अशी व्यवस्था उभारायचं काम तसंच राहिलं. हा दोष पुढे आपल्याला पुन्हा पुन्हा दिसेल.

आता अंतुले. जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. झपाट्याने निर्णय घेणारा माणूस. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच काळात, १ मे १९८१ रोजी झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. आज या गावातली एखादी विधवा म्हातारी महिन्याला जे अनुदान घेते, त्याचं मूळ तिथे आहे. हे आम्ही मुद्दाम आधी सांगतो आहोत, कारण पुढे याचं काम पडणार आहे.

ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाबद्दल लिहिलं. आरोप असा की, न्यासाला देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचा कोटा मिळतो. नागरिकांच्या रिट याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंतुले यांनी राजीनामा दिला.

इथे थांबा. राजीनामा ही शिक्षा आहे का? आपल्याकडे बहुतेकांना तसं वाटतं. 'खुर्ची गेली, अजून काय पाहिजे?' पण खुर्ची ही त्या माणसाची मालमत्ता नव्हतीच. ती विश्वासाने दिलेली वस्तू होती, ती परत घेतली. मुनीम पेढीतला पैसा खातो असा संशय आला आणि तुम्ही त्याला कामावरून काढलं, तर चोरीचा हिशेब झाला असं कोणी म्हणेल का? तिजोरीची किल्ली परत घेणं वेगळं, तिजोरीतलं काय गेलं हे ठरवणं वेगळं. आणि हेही लक्षात घ्या, रिट याचिकेतला निष्कर्ष म्हणजे फौजदारी दोषसिद्धी नव्हे. तिथे साक्षीपुरावे, उलटतपासणी त्या पद्धतीने होत नाहीत. म्हणून खटला हवा होता. सरकारपक्षाला हवा होता तसा अंतुल्यांनाही हवा असायला हवा होता, कारण निर्दोष ठरायचाही दुसरा मार्ग नाही.

रामदास नायक या भाजपच्या कार्यकर्त्याने फौजदारी तक्रार केली. त्या तक्रारीचा प्रवास ऐका. आधी प्रश्न आला, राज्यपालांची मंजुरी हवी का? हवी. मग राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने मंजुरी द्यायची की स्वतःच्या विवेकाने? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ जुलै १९८२ ला मंजुरी मिळाली. मग विशेष न्यायाधीशांपुढे तक्रार दाखल झाली. मग प्रश्न आला, अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी मंजुरी नको का? २५ जुलै १९८३ रोजी विशेष न्यायाधीशांनी हे मान्य करून त्यांना आरोपमुक्त केलं.

यावर १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेला हा निकाल आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. त्याचा युक्तिवाद असा: मंजुरीची अट कशासाठी आहे? पदावरच्या माणसाला खोट्यानाट्या तक्रारींनी त्रास होऊ नये, कारभार अडू नये म्हणून. म्हणजे कवच पदाला आहे, माणसाला नाही. ज्या पदाचा गैरवापर झाला ते पदच गेलं असेल, तर कवचाचं कारण संपलं. मग मंजुरी कशाला? दुसऱ्या पदावर बसून पहिल्या पदाचं कवच मागता येत नाही.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला हा युक्तिवाद फार आवडतो. नियमाचं कारण शोधा, कारण जिथे संपतं तिथे नियमही संपतो. माणूस आणि पद यांतला भेद इतक्या स्वच्छपणे आपल्या न्यायालयांत क्वचितच मांडला गेला असेल. राजेशाहीत हा भेद नसतो, राजा म्हणजेच राज्य. लोकशाहीचं पहिलं पाऊल म्हणजे हा भेद. १९८४ चा निकाल सांगतो की माजी मुख्यमंत्री हा साधा नागरिक आहे. यापेक्षा मोठी समता ती कोणती?

पण त्याच निकालाच्या शेवटी न्यायालयाने एक चूक केली. उशीर झाला आहे हे पाहून त्याने खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला, रोजच्या रोज चालवा म्हणून सांगितलं. हेतू चांगलाच होता. पण कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशापुढेच चालायचे होते. उच्च न्यायालयातच खटला सुरू झाला की आरोपीचा उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क जातो. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश रद्द केला. न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी लिहिलं त्याचं सार असं: न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड कोणालाही पडता कामा नये. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी मात्र विरोधी मत दिलं, की अंतिम झालेला निकाल असा पुन्हा उघडता येत नाही.

तोवर काय झालं होतं? उच्च न्यायालयात सत्तावन्न साक्षीदार तपासून झाले होते. ७९ आरोप निश्चित झाले होते. ते सगळं पाण्यात. खटला पुन्हा मुळाशी.

१९८८ च्या निकालावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. 'बड्या माणसासाठी सात न्यायाधीश बसतात, गरिबासाठी कोण बसतं?' ही टीका आम्हाला अर्धीच पटते. दोन्ही बाजू पाहा. माजी मुख्यमंत्री साधा नागरिक आहे असं म्हणायचं, तर साध्या नागरिकाचे सगळे हक्क त्याला द्यावे लागतात. त्यातला एक अपिलाचा. खास जलद खटला हीदेखील विषमताच. समता म्हणजे कवच काढणं, हे १९८४ ने सांगितलं. समता म्हणजे खास चाबूकही न वापरणं, हे १९८८ ने सांगितलं. दोन्ही खरं आहे. अपुरं आहे ते दुसरंच. चूक १९८४ साली झाली आणि दुरुस्ती १९८८ साली, या चार वर्षांचा भुर्दंड कोणाला पडला? आरोपीला पडू नये हे न्यायालयाने पाहिलं. पण परमिटसाठी रांगेत उभा असलेला जो माणूस होता, ज्याचं सिमेंट दुसरीकडे गेलं असा आरोप होता, त्याला पडू नये हे कोणी पाहिलं? तो या सगळ्या निकालपत्रांत कुठेच नाही. आमचा या निकालांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यांत आरोपी आहे, तक्रारदार आहे, राज्यपाल आहे, फक्त ज्याचं नुकसान झालं असं म्हणतात तो नाही.

१० डिसेंबर १९९१ रोजी तिसरा टप्पा आला. इतका उशीर झाला, आता खटलाच रद्द करा, अशी मागणी होती. न्यायालयाने खटला रद्द केला नाही. जलद खटला हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला हक्क आहे हे ठासून सांगितलं, पण किती वर्षांत तो संपावा याची मर्यादा घालायला नकार दिला. आज देशभरातले वकील, अगदी वाशीमच्या न्यायालयातही, कच्च्या कैद्यासाठी या निकालाचा आधार घेतात. म्हणजे बघा, मुख्यमंत्र्याच्या खटल्यातून गरिबाला एक हत्यार मिळालं. ही त्या खटल्याची जमेची बाजू.

आणि अंतुले? त्यांना कोणत्याही फौजदारी न्यायालयाने शिक्षा दिली नाही. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्री. २ डिसेंबर २०१४ ला वारले. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष गेले, आणि आम्हीही इथे त्यांना दोषी म्हणत नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. ते दोषी होते की नव्हते हे दहा वर्षांत नीट ठरवता आलं नाही, हा त्यांच्यावरही अन्याय आणि आपल्यावरही.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही.

पहिला आक्षेप: त्याने चांगलं कामही केलं, मग जुनं उकरून काय मिळणार? म्हणून आम्ही निराधार योजनेचा उल्लेख आधी केला. पण चांगलं आणि वाईट हे एकाच खातेवहीत जमा-खर्चाला मांडायचे आकडे नाहीत. न्यायालय 'हा माणूस कसा?' असं विचारत नाही, 'हे कृत्य झालं का?' एवढंच विचारतं. माणसाचं मोजमाप इतिहासाने करावं. आणि अनुदान त्या म्हातारीचा हक्क आहे, तिच्या नावाने कोणाचं दुसरं बिल फाडता येत नाही.

दुसरा आक्षेप मोठा: माजी नेत्यावरचा खटला म्हणजे नव्या सत्ताधाऱ्याचा सूड. १९७७ नंतर काय झालं ते आठवा. ऑक्टोबर १९७७ मध्ये इंदिरा गांधींना अटक झाली, दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं. शाह आयोग बसला. मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने विशेष न्यायालयांची कल्पना तपासून डिसेंबर १९७८ मध्ये सल्ला दिला, १९७९ मध्ये कायदा झाला. १९८० मध्ये सत्ता बदलली आणि ते सगळं विरून गेलं. दक्षिण कोरियात १९९६ मध्ये चुन दू-ह्वान यांना देहदंड सुनावला, पुढे जन्मठेप झाली, आणि १९९७ च्या डिसेंबरात माफी. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९७४ रोजी जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना खटल्याआधीच माफ करून टाकलं. म्हणजे सत्तेच्या हातात खटला दिला की तो सुरूही सत्तेने होतो आणि थांबतोही सत्तेनेच.

आपल्याकडचं आदर्श प्रकरण बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २०१३ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांनी खटल्याला मंजुरी नाकारली. सरकार बदललं, राज्यपाल बदलले, फेब्रुवारी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. २२ डिसेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण नवी सामग्री म्हणून जे पुढे आलं ते खटल्यात पुरावा म्हणून टिकणारं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. कोण दोषी, कोण निर्दोष, हे आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त तारखा मांडल्या. प्रकरण तेच असताना मंजुरीचं उत्तर खुर्चीवरचा माणूस बदलल्यावर बदलत असेल, तर तो विवेक म्हणायचा की वारा?

म्हणून सूडाचा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? काही जण म्हणतात, खटलेच नकोत. आम्ही म्हणतो, खटला निवडीवर सोडू नका. सूड हा निवडीत असतो. सगळ्यांचाच हिशेब होत असेल तर सूड कोणाचा?

अथेन्समध्ये हे होतं. वर्षाच्या शेवटी पायउतार होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचा हिशेब तपासला जाई. संशय असो वा नसो. तो पूर्ण होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता देवाला वाहता येत नसे. नागरिकाला तक्रार करायची तर तेव्हा करायची. त्यात राजकारण नव्हतं असं नाही, भरपूर होतं. पण हिशेब देणं ही नामुष्की नव्हती, ती पायउतार होण्याची रीत होती.

आणि अथेन्स कशाला? आपल्या रोजच्या व्यवहारात हे आहे. तलाठी बदलला तर चार्ज देतो, रजिस्टर मोजून. मुख्याध्यापक बदलला तरी चार्ज. आम्ही निवृत्त झालो तेव्हा ग्रंथालयाची दोन पुस्तकं सापडत नव्हती. किंमत भरली, ना-देय दाखला घेतला, तेव्हा कुठे पेन्शनचे कागद हलले. आमचा कोणी अपमान केला असं आम्हाला वाटलं नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला दोन पुस्तकांचा हिशेब चुकत नाही, आणि राज्याचा हिशेब मात्र राजीनाम्याच्या एका कागदाने मिटतो.

आता याच मातीतलं उदाहरण. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३९. गैरवर्तन करणाऱ्या सरपंचाला चौकशीनंतर पदावरून दूर करता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच कलमात पुढे असं आहे की, ज्याने राजीनामा दिला आहे अशा सरपंचाचंही गैरवर्तन सिद्ध झालं तर त्याला काही वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की माणूस राजीनामा देऊन पळवाट काढतो. सरपंचाची पळवाट त्यांनी बुजवली. आज चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने आम्हाला विचारलं, "आमच्या सरपंचाले घरी बसवाले कायदा हाये, मोठ्यायले कोन बसवते?" यापेक्षा नेमका प्रश्न आम्ही कोणत्या परिषदेत ऐकलेला नाही.

आणि आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत? १९८४ च्या निकालाने सांगितलं की पद गेल्यावर कवच जातं. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि पद गेलेल्या माणसालाही मंजुरीचं कवच मिळालं. शिवाय अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्यासाठीसुद्धा आधी परवानगी लागू लागली. याला कारण दिलं गेलं ते खरं आहे, प्रामाणिक अधिकारी निवृत्तीनंतर खटल्याच्या भीतीने फाइलवर सहीच करत नाहीत. ही भीती आम्ही थट्टेवारी नेणार नाही. पण भित्र्या प्रामाणिकाला धीर देण्यासाठी निर्ढावलेल्याला चिलखत देणं हा उपाय नव्हे. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्री आले, ही चांगली गोष्ट, १९७१ च्या कायद्यात ते नव्हते. पण त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोनतृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल अशी अट घातली. ज्याच्याकडे बहुमत आहे त्याच्या चौकशीला त्याचंच बहुमत लागणार. दार केलं आणि किल्ली आतल्याच माणसाकडे ठेवली.

मग आमचं म्हणणं काय? तीन गोष्टी, थोडक्यात. एक, माजी नेत्यावर खटला चालवावा, पण मंजुरी सत्तेतल्या कोणाकडे नसावी. ज्याची नेमणूक आणि बदली सरकारच्या हातात नाही अशा न्यायिक अधिकाऱ्याने प्राथमिक पुरावा पाहावा आणि ठराविक मुदतीत हो किंवा नाही म्हणावं, कारणांसह. दोन, पद सोडणाऱ्या प्रत्येक मंत्र्याचा हिशेब व्हावा, पक्ष न बघता, संशय न बघता. तीन, खटला नेहमीच्याच न्यायालयात, नेहमीच्याच हक्कांसह चालावा, पण तारखांची मर्यादा घालून. १९९१ मध्ये न्यायालयाने जी मर्यादा घालायला नकार दिला ती संसदेला घालता येते.

यावर कोणी म्हणेल, सर, हे होणार कधी? आम्हाला ठाऊक नाही. आमचं वय सत्तरीच्या पुढे आहे, आम्ही पाहू असं वाटत नाही. पण एक काम आजच करता येतं. पुढच्या वेळी कोणी नेता राजीनामा देईल आणि टीव्हीवर सांगेल की 'नैतिक जबाबदारी स्वीकारून', तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: चार्ज दिला का? रजिस्टर मोजलं का?

मनुस्मृतीचं आणि आमचं फारसं जमत नाही, पण तिच्यात एक ठिकाणी सांगितलं आहे की ज्या गुन्ह्याला सामान्य माणसाला एक नाणं दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार नाणी. आम्ही हजार मागत नाही. लोकशाहीत राजा नाही, म्हणून हजारपट दंडही नाही. आम्ही एकाला एकच मागतो, सरपंचाला जितकं तितकंच मुख्यमंत्र्याला. तेवढं झालं तरी रामशास्त्र्यांना पुणं सोडून जावं लागणार नाही.

आता प्रश्न विचारा, आणि कडक विचारा.